खाजकुयलीचे बी आणि कंपवात: चूर्णाचा चमचा हाही औषधाचा डोसच

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले की घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर सल्लेही येऊ लागतात. त्यातला एक हमखास असतो: "कवचबीजाचे चूर्ण सुरू करा, गोळ्या हळूहळू बंद होतील." कोणी गावाहून डबा भरून चूर्ण पाठवते, कोणी ऑनलाइन मागवते. रुग्ण ते घेऊ लागतो आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगत नाही. विचारल्यावर उत्तर येते, "अहो डॉक्टर, ते औषध थोडेच आहे, जडीबुटी आहे."

गंमत अशी की कवचबीजाच्या बाबतीत हे उत्तर अगदी उलटे आहे. कंपवातासाठी घरगुती म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टींमध्ये कंपवातावर काम करणारे काहीच नसते. या बीमध्ये मात्र तेच रसायन आहे जे तुमच्या गोळीत आहे, आणि तेही भरपूर. म्हणून या चूर्णाला भाबडेपणाने 'निरुपद्रवी' म्हणता येत नाही, आणि 'थोतांड' म्हणून उडवूनही लावता येत नाही. ते औषध आहे असे समजूनच त्याच्याकडे पाहायला हवे.

ही वनस्पती कोणती?

खाजकुयली, कुयली, कुहिली, संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, हिंदीत कौंच किंवा केवाँच. शास्त्रीय नाव म्युक्युना प्रुरिएन्स. यातला 'प्रुरिएन्स' हा शब्द खाजेवरूनच आला आहे. आत्मगुप्ता म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. ज्याने एकदा तिला हात लावला आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

वाल, घेवडा, तूर ज्या कुळातले, त्याच शिंबी कुळातली ही रानवेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंपणांवर, झुडपांवर, रानाच्या कडेला पावसाळ्यात ती झपाट्याने चढते. पान तीन पर्णिकांचे. पावसाळा सरता सरता गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबू लागतात आणि थंडीत शेंगा पिकतात. शेंग बोटाएवढी, इंग्रजी 'एस' अक्षरासारखी बाक असलेली, आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी केसांची दाट लव. आत चार ते सहा चकचकीत बिया, काळ्या किंवा करड्या ठिपक्यांच्या.

खाज सुटते ती या केसांमुळे. शाळेत बाकावर खाजकुयली टाकण्याचा उद्योग अनेकांनी केलेला किंवा भोगलेला असतो. हे केस सुईसारखे टोकदार असतात आणि त्यांत म्युक्युनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. केस त्वचेत रुतला की हे विकर तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना थेट चेतवते. अंगावर पित्त उठल्यावर खाज येते ती हिस्टामिनमुळे, ही खाज मुख्यतः त्या मार्गाने येत नाही. म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी घेऊनही कुयलीच्या खाजेला फारसा उतार पडत नाही. खाजेवर संशोधन करणारे लोक प्रयोगशाळेत मुद्दाम खाज निर्माण करण्यासाठी हेच केस वापरतात.

रानात फिरताना किंवा शेतात काम करताना कुयली लागली तर चोळू नका, खाजवू नका. चोळल्याने केस आणखी खोल जातात आणि हाताला लागून चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. चिकटपट्टी त्वचेवर हलकेच दाबून उचला, दर वेळी नवी पट्टी घ्या. बरेच केस तिच्याबरोबर निघतात. मग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. अंगातले कपडे लगेच बदला आणि ते वेगळे धुवा, कारण केस कपड्यात अडकून राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाज सुटते. कॅलामाइन लोशन लावायला हरकत नाही. डोळ्यात केस गेला असेल तर डोळा चोळण्याआधी स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास होऊ लागला तर घरी थांबू नका.

बीमध्ये काय आहे?

१९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांमधून लेव्होडोपा वेगळा काढला. त्या वेळी त्याचा कंपवाताशी काही संबंध आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याआधी १९१३ मध्ये युरोपात मार्कुस गुगेनहाइम या रसायनतज्ज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून तेच रसायन मिळवले होते. त्याने स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिले आणि जोरदार उलट्या झाल्या. ही उलटीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

कंपवातात मेंदूच्या एका छोट्या भागातील पेशी कमी होत जातात. या पेशी डोपामिन तयार करतात, आणि डोपामिन कमी पडले की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात कापतो, अक्षर लहान होते, चालताना हात हलेनासे होतात. बाहेरून डोपामिन दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरू शकतो, आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९६० च्या दशकात हे उपचारात उतरले आणि आजही कंपवाताच्या हालचालींच्या लक्षणांवर याहून प्रभावी औषध नाही.

अडचण एवढीच की पोटात घेतलेल्या लेव्होडोपाचा बराचसा भाग मेंदूत पोहोचण्याआधीच, आतड्यात आणि रक्तात, डोपामिनमध्ये बदलून जातो. मेंदूला त्याचा उपयोग नाही, उलट मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणे हे त्रास त्यातूनच होतात. गुगेनहाइमला झाले ते हेच. म्हणून गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा घालतात. कार्बिडोपा मेंदूत जात नाही, पण शरीराच्या बाकी भागात होणारे हे रूपांतर अडवतो. त्यामुळे लेव्होडोपाची गरज साधारण चौथाईवर येते आणि उलट्याही कमी होतात. तुमच्या गोळीच्या पाकिटावर दोन आकडे दिसतील, उदाहरणार्थ १०० आणि २५: शंभर मिलिग्रॅम लेव्होडोपा, पंचवीस मिलिग्रॅम कार्बिडोपा.

कवचबीजात लेव्होडोपा आहे. कार्बिडोपा नाही. पुढचे सगळे या एका फरकावर अवलंबून आहे.

चमच्याचे गणित

चहाच्या चमच्यात साधारण तीन ग्रॅम चूर्ण मावते असे धरू. चांगल्या बियांमध्ये लेव्होडोपाचे प्रमाण ४ ते ६ टक्के असू शकते. म्हणजे एका चमच्यात १२० ते १८० मिलिग्रॅम.

आता दोन माणसे घ्या. पहिल्याने अजून गोळ्या सुरूच केलेल्या नाहीत, तो फक्त चूर्ण घेतो. कार्बिडोपा नसल्यामुळे त्याच्या चमच्यातला बहुतेक लेव्होडोपा वाटेतच संपतो. त्याचा परिणाम गोळीतल्या ३० ते ४५ मिलिग्रॅमइतका, म्हणजे अर्ध्या गोळीपेक्षाही कमी. थोडी मळमळ, थोडा फरक, आणि "एवढे घेऊनही काही होत नाही" ही तक्रार.

दुसरा रुग्ण दिवसातून तीनदा १००/२५ ची गोळी घेतो. रोजचा लेव्होडोपा ३०० मिलिग्रॅम, आणि त्याच्या शरीरात कार्बिडोपा आधीच हजर आहे. त्याने सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा चूर्ण सुरू केले. कार्बिडोपाला लेव्होडोपा गोळीतून आला की बीमधून हे कळत नाही, तो दोन्हीला सारखेच वाचवतो. म्हणजे या रुग्णाच्या पोटात २४० ते ३६० मिलिग्रॅम लेव्होडोपा जवळजवळ पूर्ण ताकदीने वाढला. डोस दुप्पट झाला, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नाही.

पहिले काही दिवस अशा रुग्णाला छान वाटते. हात मोकळे होतात, चाल सुधारते, आणि घरचे खूश होतात. मग अंग आपोआप वळवळू लागते, मान किंवा पाय थांबता थांबत नाहीत. उठून उभे राहताना चक्कर येते, रात्री झोप लागत नाही. वयस्कर रुग्णांना घरात माणसे किंवा मुले दिसू लागतात, जी तिथे नसतात. मुलगा घाबरून फोन करतो की बाबांच्या डोक्यात काहीतरी बिघडले. डॉक्टरांना चूर्ण माहीत नसेल तर ते आजार वाढला असे समजतात किंवा चांगली चाललेली गोळी कमी करतात. पुढच्या आठवड्यात चूर्ण संपते आणि रुग्ण एकदम लाकडासारखा ताठ होतो.

या गणितातला टक्क्यांचा आकडाही दर डब्यात तोच राहील याची खात्री नाही. वाण, जमीन, बी किती पक्व होते, टरफल काढले की नाही, बी भाजले, उकळले की कच्चेच दळले, या सगळ्यावर प्रमाण बदलते. लेव्होडोपा पाण्यात उतरतो, त्यामुळे उकळून पाणी टाकले तर तो कमी होतो. आयुर्वेदात बी दुधात शिजवून, टरफल काढून वापरायची शोधनाची पद्धत आहे. तसे शोधित चूर्ण आणि कच्चे दळलेले चूर्ण यांत बराच फरक असू शकतो, आणि डब्यावर अनेकदा फक्त 'कौंच चूर्ण' एवढेच लिहिलेले असते. अमेरिकेत बाजारातल्या कवचबीजाच्या कॅप्सूल तपासल्या तेव्हा काहींच्या एका वेळच्या मात्रेत जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाला, तर काहींत दोनशेहून जास्त. एक डबा संपून दुसरा उघडला की डोस बदलला, असा हा प्रकार आहे.

अभ्यास काय सांगतात?

या बीवर आपल्याकडे फार आधीपासून काम झाले आहे, आणि ते मनापासून झाले आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या २३ रुग्णांना कवचबीजाचे चूर्ण देऊन त्याचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांच्या लक्षणांत फरक पडला. पुढे १९९५ मध्ये बीपासून बनवलेल्या एका पुडीची भारतातल्या चार केंद्रांत ६० रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली. तिथेही सुधारणा दिसली. पण या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्णांना आपण काय घेतो आहोत हे माहीत होते. कंपवातात केवळ अपेक्षेनेही काही काळ बरे वाटते, हे सिद्ध झालेले आहे, त्यामुळे अशा निकालांवर थोडे हातचे राखून बोलावे लागते.

२००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर नेटका अभ्यास झाला. रुग्ण किंवा तपासणारा कोणालाच माहीत नव्हते की कोणत्या दिवशी काय दिले आहे. ३० ग्रॅम बीचे चूर्ण आणि २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाची कार्बिडोपासह गोळी यांची तुलना केली. चूर्णाचा परिणाम सरासरी अर्ध्या तासाने लवकर सुरू झाला आणि साधारण ३७ मिनिटे जास्त टिकला, अंगाची वळवळही वाढली नाही. चूर्णाच्या जाहिरातींत हा अभ्यास हमखास असतो. त्यांत दोन गोष्टी मात्र गाळलेल्या असतात. एक, ते ३० ग्रॅम होते, म्हणजे आपल्या हिशेबाने एका वेळी दहा चमचे, आणि त्यात सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता. दोन, हा एका-एका डोसाचा अभ्यास होता. रोज, महिनोन्‌महिने घेतल्यावर काय होते हे त्यात पाहिलेलेच नव्हते.

ते पाहिले गेले बोलिव्हियात, २०१८ मध्ये. तिथे बऱ्याच रुग्णांना गोळ्या परवडत नाहीत, म्हणून स्वस्त पर्याय मिळतो का या चांगल्या हेतूने हे काम सुरू झाले. १४ रुग्णांना आठ आठवडे चूर्ण आणि आठ आठवडे गोळी दिली. चूर्णाच्या काळात त्यांतल्या सात जणांनी अभ्यास सोडला: चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाली बिघडत गेल्यामुळे. गोळीच्या काळात कोणीही सोडला नाही. ज्यांना चूर्ण सोसले त्यांना गोळीइतकाच फायदा झाला, हेही सांगितले पाहिजे.

मी याचा अर्थ असा लावतो. बी काम करते, कारण त्यात औषध आहे. पण निम्म्या लोकांना ते झेपत नाही, आणि जिथे गोळी सहज मिळते तिथे ती सोडून चूर्णाकडे वळण्याचे सबळ कारण दिसत नाही. भारतात लेव्होडोपा-कार्बिडोपा अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि ते अनेक कंपन्या बनवतात. चूर्णात लेव्होडोपाखेरीज आणखी काही उपयुक्त घटक असावेत, असा अंदाज बरेच संशोधक करतात. तो खरा असू शकेल. तेवढ्यावर तुमचे उपचार बदलण्याइतका पुरावा आज नाही.

'गोळी लवकर सुरू केली तर ती पुढे काम करत नाही, म्हणून आधी चूर्ण घेऊ' हा विचार अनेक घरांत असतो. यात तर्काचाच घोटाळा आहे. लेव्होडोपाची भीती वाटत असेल तर चूर्णातही लेव्होडोपाच आहे.

"नैसर्गिक आहे, मग अपाय कसा?"

१९८९ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दोनशेहून अधिक लोकांना अचानक भ्रम, भास आणि वेड लागल्यासारखी लक्षणे सुरू झाली. ते सगळे खाजकुयलीच्या बिया खात होते. तिथले लोक अडीअडचणीला या बिया खातात, पण एरवी वारंवार उकळून दर वेळी पाणी फेकून देतात. त्या वर्षी पाण्याचीच टंचाई होती आणि ते पाणी फेकले गेले नाही. आपल्याकडेही पश्चिम घाटातले कणिकर आदिवासी बिया अनेकदा उकळूनच खातात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही बी जवळून पाहिली त्यांनी तिला साधे कडधान्य कधीच समजले नाही.

काही माणसांनी हे चूर्ण घेऊच नये. भास, संशय किंवा इतर मानसिक आजार असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले, काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. लेव्होडोपाने प्रोलॅक्टिन उतरते आणि दूध कमी होऊ शकते. मानसिक आजाराची बरीच औषधे डोपामिन अडवतात, तिथे चूर्ण आणि गोळी एकमेकांच्या विरोधात काम करतात. नैराश्यासाठी कधीकधी दिल्या जाणाऱ्या जुन्या एमएओ-रोधक औषधांबरोबर लेव्होडोपा घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या चढू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उलटे, तो उतरून पडायला होऊ शकते. लोहाच्या गोळ्या लेव्होडोपाला आतड्यात बांधून ठेवतात आणि परिणाम कमी करतात.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो रोज दिसतो. हात कापतो म्हणजे कंपवातच असे नाही. कप धरताना किंवा सही करताना हात थरथरतो, पण मांडीवर शांत ठेवला की थांबतो, हा बहुधा वेगळा आजार असतो आणि त्यावर लेव्होडोपाचा उपयोग होत नाही. काहींना औषधांमुळेच कंपवातासारखी लक्षणे येतात. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरचे सिनारिझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन ही त्यातली ओळखीची नावे. अशा रुग्णाला खरे तर ते औषध ओळखून, डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायचे असते. तो त्याऐवजी शेजाऱ्याने सांगितलेले चूर्ण घेत बसतो आणि वर्ष निघून जाते. चूर्ण घेऊन मळमळ झाली म्हणून कोणी मेटोक्लोप्रामाइड घेतले तर कंपवात आणखी बिघडतो, तेही लक्षात असू द्या.

कंपवात नसलेल्यांनी?

व्यायामशाळेतल्या पावडरींत आणि 'पुरुषांची ताकद' वाढवणाऱ्या बहुतेक डब्यांत कवचबीज असते. आयुर्वेदात ते वाजीकर मानले आहे. लखनौमध्ये वंध्यत्व असलेल्या पुरुषांना रोज पाच ग्रॅम बीचे चूर्ण तीन महिने दिले असता शुक्राणूंची संख्या आणि संप्रेरकांची पातळी सुधारल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्यात खोटे औषध घेणारा तुलनेचा गट नव्हता. मूल होत नसेल तर आधी वीर्यतपासणी आणि पत्नीची तपासणी करून घ्या, चूर्णाच्या नादात वय वाढवू नका. स्नायू वाढवण्यासाठी मात्र ते घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

लागवड: घरी वेल लावू का?

हा प्रश्न गावाकडचे रुग्ण हटकून विचारतात. वेल लावायला अवघड नाही. रात्रभर भिजवलेले बी जून-जुलैत पावसाच्या सुरुवातीला पेरतात. पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, पाणी साचले की मूळ कुजते. वेलीला आधार लागतो, मग तो मांडव असो, कुंपण असो की शेवग्याचे झाड. आधार नसेल तर शेंगा जमिनीला टेकून सडतात. शिंबी कुळातली असल्याने मुळांवरच्या गाठींतून ती हवेतला नत्र जमिनीत साठवते, म्हणून जगात कितीतरी ठिकाणी ती औषधासाठी नव्हे तर हिरवळीच्या खतासाठी लावली जाते. होंडुरासमध्ये मक्याचे शेतकरी ती याचसाठी वापरतात. ती दाट पसरून तणालाही दाबून टाकते. थंडीत शेंगा वाळून करड्या झाल्या की तोडतात.

रानातली खाजरी जात मात्र अंगणात आणू नये. लागवडीसाठी बिनखाजेची जात असते, तिच्या शेंगांवरची लव मऊ असते आणि खाज येत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का धन्वंतरी' आणि 'अर्का अश्विनी' हे असे बिनखाजेचे वाण दिले आहेत. औषधी कंपन्यांना बी विकण्यासाठी शेतकऱ्याने ही लागवड करणे वेगळे, तिथे कंपनी बीमधला लेव्होडोपा मोजून घेऊ शकते. घरच्या वेलीचे बी घरीच दळून रुग्णाला देणे वेगळे. तुमच्या मिक्सरला मिलिग्रॅम कळत नाहीत. रानातून बी गोळा करण्यात आणखी एक धोका आहे: सह्याद्रीत याच प्रजातीच्या इतर वेलीही आहेत, आणि सुटी बी हातात घेऊन त्या ओळखणे सोपे नसते.

चूर्ण आधीच सुरू असेल तर

सर्वात आधी, ते एकदम बंद करू नका. बरेच दिवस भरपूर घेतलेला लेव्होडोपा अचानक थांबला तर अंग कमालीचे ताठ होऊन ताप चढू शकतो, शुद्ध हरपू शकते, आणि अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करावे लागते.

डबा पिशवीत घालून पुढच्या तपासणीला सोबत न्या. त्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: गोळी किती वाजता, चूर्ण किती वाजता आणि किती चमचे, हालचाल कधी मोकळी वाटली, कधी अडली, अंग कधी वळवळले, भास झाले का. ही वही न्यूरॉलॉजिस्टला डब्यापेक्षाही जास्त सांगते, त्यावरून चूर्ण हळूहळू कमी करून गोळीची वेळ आणि मात्रा बसवता येते. सासऱ्यांचे चूर्ण सून देत असेल तर तिलाच बरोबर घेऊन जा, किती आणि कधी हे तिला नेमके माहीत असते. वैद्यांकडून औषध चालू असेल तर त्यांनाही तुमच्या गोळ्यांची नावे दाखवा आणि बी शोधित आहे का, मात्रा किती, हे कागदावर लिहून मागा. चांगला वैद्य हे विनातक्रार देतो. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नका. रागावले तरी चालेल, पण डोस त्यांना कळायला हवा.

अंगाची वळवळ, भास, वारंवार तोल जाणे किंवा सतत उलट्या सुरू झाल्या असतील तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी मोतीबिंदूची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना चूर्णाचे नाव गोळ्यांच्या यादीतच लिहून द्या.